वाचकांचे प्रश्न : अहवालातला ‘१.८ पट’ हा आकडा नेमका कुणाचा?

मागच्या अंकात जनुक तपासणीवर चार ओळी लिहिल्या आणि या महिन्याचं जवळपास सगळं टपाल त्याच विषयाचं आलं. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी, शहापूर, सगळीकडून. म्हणून शेअर बाजाराचे आणि स्पर्धा परीक्षांच्या गणिताचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवते. मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, आकड्यांचं मला विचारा.

प्रश्न : ताई, माझं वय ५२. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं लाळ तपासणीचं किट पाठवलं. अहवाल आला, त्यात ‘टाइप-२ मधुमेहाचा जनुकीय धोका सरासरीच्या १.८ पट’ असं लाल अक्षरांत लिहिलंय. माझ्या वडिलांना साखर होती. त्या दिवसापासून मी भात सोडलाय. हा आकडा खरा मानायचा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, भात सोडायच्या आधी साखर तपासून घ्या. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आलं आणि पुन्हा तपासल्यावरही तेच आलं तर मधुमेह समजतात. ५.७ ते ६.४ म्हणजे सावध व्हायची वेळ. ही तपासणी तुमच्या रक्तात आज काय चाललंय ते सांगते. लाळेचा अहवाल ते सांगूच शकत नाही, कारण तुमची जनुकं तुम्ही जन्मलात तेव्हा होती तीच आज आहेत.

आता त्या १.८ कडे येऊ. हा आकडा कुठल्या एका जनुकाचा नसतो. आपल्या जनुकसंचात, म्हणजे अंगातल्या सगळ्या जनुकीय मजकुरात, लाखो जागी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. त्या जागांना स्निप म्हणतात. मधुमेह असलेले हजारो आणि नसलेले हजारो लोक घेऊन, सगळ्या जनुकसंचावर एकेक स्निप तपासत, कुठलं अक्षर रुग्णांत जास्त आढळतं ते पाहतात. त्यावरून प्रत्येक स्निपला एक वजन मिळतं. तुमच्या लाळेतले स्निप वाचून त्या वजनांची बेरीज केली, की झाला तुमचा ‘जनुकीय धोका’. यातली बहुतेक वजनं फार हलकी असतात. टाइप-२ मधुमेहाशी जोडलेला सर्वांत ठळक सामान्य बदल टीसीएफ७एल२ या जनुकात आहे. आइसलँडच्या संशोधकांनी तो २००६ साली दाखवला. त्याच्या एका प्रतीमागे धोका साधारण १.४ पट होतो. बाकीचे शेकडो स्निप १.०५, १.०८ अशा पातळीवरचे. म्हणजे तुमचं १.८ हे असंख्य बारीक अंदाजांची बेरीज आहे आणि त्यातल्या प्रत्येक अंदाजाला आपापली चूक चिकटलेली आहे. ती चूक अहवालात छापलेली आहे का, पाहा. ‘१.८’ च्या शेजारी ‘अमुक ते तमुक’ असा पट्टा दिसला नाही, तर तो आकडा अर्धाच सांगितलाय असं समजा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती वजनं कुणाच्या रक्तावरून काढली? २०२१ पर्यंत जगभरच्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. युरोपीयांवरून काढलेली वजनं आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांना लावली की अंदाज ढिला पडतो. २०१९ साली १७ गुणधर्मांवर केलेल्या एका तुलनेत आपल्याकडची अचूकता युरोपीयांच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर उतरली होती. असं का होतं? स्निप बहुतेक वेळा आजाराचं कारण नसतो, कारणाच्या शेजारची खूण असते. खूण आणि कारण जवळजवळ असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जोडीनं उतरतात. पण ही जोडी किती घट्ट आहे हे प्रत्येक लोकसमूहात वेगळं असतं. तिकडे जी खूण भरवशाची, ती आपल्याकडे सैल असू शकते. आणि शेजार फसवाही असतो. वजनवाढीशी जोडलेला एफटीओ जनुकातला बदल २००७ साली गाजला. पुढे २०१४-१५ मध्ये प्रयोगांतून दिसलं की तो बदल दूरवरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर काम करतो. आपल्याकडच्या, पुणे आणि म्हैसूरच्या लोकांवरच्या २००९ च्या अभ्यासात त्याच एफटीओचा मधुमेहाशी संबंध दिसला, पण तो नुसत्या वजनातून जात नव्हता. बदल तोच, पण इथे त्याचा परिणाम वेगळ्या वाटेनं आलेला दिसला.

आणि ‘सरासरीच्या’ म्हणजे कुणाच्या सरासरीच्या? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या २० वर्षांवरच्या ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असली तरी अंगात चरबी धरून असतात. अशा लोकांची सरासरी युरोपातल्या सरासरीशी कशी जुळेल?

तुमच्या वडिलांना साखर होती, ही बातमी त्या अहवालापेक्षा वजनदार आहे. तिच्यात सापडलेली जनुकंही आली, न सापडलेलीही आली आणि घरातलं जेवणही आलं. एवढ्या एका कारणासाठी दरवर्षी तपासणी करा. भाताचं काय करायचं ते रक्ताचा अहवाल हातात आल्यावर डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं की निष्कर्ष लक्षणीय असं शिकवतात. जीनोम-व्यापी, म्हणजे सगळा जनुकसंच चाळणाऱ्या अभ्यासांत मात्र ०.०००००००५ हा उंबरठा दिसतो. एवढा कडकपणा कशाला?
— विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : पी-मूल्य म्हणजे काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता. कडकपणा अशासाठी, की तिथे प्रश्न एक नसतो, दहा लाख असतात. जनुकसंचावर एकमेकांपासून साधारण स्वतंत्र अशा दहा लाख जागा धरल्या आणि प्रत्येक जागी ०.०५ ची परीक्षा लावली, तर कशाचाच काही संबंध नसतानाही पन्नास हजार जागा ‘लक्षणीय’ ठरतील. म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागतात. जो आकडा उरतो तोच तू लिहिलेला उंबरठा, दोन कोटींत एक.

हा कडकपणा नव्हता तेव्हा काय झालं ते माहीत असू दे. आधीच्या काळात प्रयोगशाळा आपल्या पसंतीचं एखादं जनुक निवडायच्या, शंभर-दोनशे माणसं तपासायच्या आणि ०.०५ वर समाधान मानायच्या. नैराश्याशी जोडलेली अशी १८ जनुकं वर्षानुवर्षं अभ्यासली गेली. २०१९ साली लाखोंच्या नमुन्यावर ती सगळी पुन्हा तपासली, तर इतर कुठल्याही जनुकांपेक्षा त्यांच्यात वेगळं काही आढळलं नाही. त्या जनुकांवर किती तरुण संशोधकांची उमेदीची वर्षं खर्ची पडली असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाता जाता एक सांगते. हे अभ्यास चालवणाऱ्या आजच्या संगणकप्रणालींत संबंध आहे की नाही हे तपासायला जी स्कोअर परीक्षा सर्रास वापरतात, ती संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४८ साली मांडली. राव यांचा जन्म १९२० चा, आपल्याच कर्नाटकातल्या हूविनहडगलीचा. तुझ्या पाठ्यपुस्तकात ती परीक्षा असेल तर तो धडा गाळू नकोस.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी एका स्निपवरचे लेख वाचत होते. पहिल्या लेखात धोका १.४ पट, त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासात १.२, सगळ्यांत मोठ्या अभ्यासात १.१५. पहिल्या लोकांनी आकडे फिरवले असतील का? माझ्या तक्त्यात कुठला आकडा घालू?
— विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : या महिन्यातला हा सर्वांत चांगला प्रश्न. जागा लागली तरी नीट उत्तर देते.

पहिल्यांनी काहीही फिरवलं नसेल. अगदी प्रामाणिक माणसांनी, अगदी बिनचूक यंत्रांवर काम केलं तरी पहिला जाहीर झालेला आकडा बहुधा फुगलेलाच असतो. याला संख्याशास्त्रात ‘विनर्स कर्स’, म्हणजे विजेत्याला लागलेला शाप म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण घे. बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्यानं एका हंगामात बटाट्याच्या वीस जाती छोट्या छोट्या वाफ्यांत लावल्या आणि सगळ्यांत जास्त उतारा देणारी जात पुढच्या वर्षासाठी निवडली. ती जात चांगली असेलच, पण ज्या वाफ्यात ती होती तिथे पाणी, माती, ऊनही जुळून आलं असणार. पुढच्या वर्षी उतारा थोडा उतरतो. बियाणं बिघडलेलं नसतं. निवड करताना त्यानं चांगली जात आणि चांगलं नशीब, दोन्ही एकत्र निवडलं होतं.

आता हेच आकड्यांत करून बघ. कागद-पेन घेऊन कर, नुसतं वाचू नकोस. समजा एका स्निपचा खरा परिणाम १.१० पट आहे. ते अक्षर लोकांत ३० टक्के आहे. अभ्यासात ५,३०० रुग्ण आणि ५,३०० निरोगी माणसं आहेत. आपण पटींचा लॉग घेऊन काम करतो, तेव्हा १.१० चा लॉग झाला ०.०९५. या नमुन्यात अंदाजाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो योगायोगानं किती मागेपुढे होतो त्याचं माप, साधारण ०.०३ येते. ०.०००००००५ चा उंबरठा ओलांडायला अंदाज प्रमाण त्रुटीच्या ५.४५ पट मोठा लागतो. ०.०३ गुणिले ५.४५ म्हणजे ०.१६४. लॉगमधून परत पटीत आणलं की १.१८.

इथे थोडं थांब. या अभ्यासात हा स्निप ‘सापडला’ म्हणून जाहीर व्हायचा असेल, तर त्याचा अंदाज कमीत कमी १.१८ यायलाच हवा. खरं उत्तर १.१० आहे. तेच उत्तर अगदी बरोबर आलं असतं तर उंबरठ्याखालीच राहिलं असतं आणि लेखात छापलंच गेलं नसतं! असे खऱ्या १.१० चे शंभर स्निप असतील, तर त्यांतला एखादाच उंबरठा ओलांडतो, आणि तो ओलांडतो योगायोगानं फुगल्यामुळेच. छापलेल्या यादीत आपल्याला तोच दिसतो, उरलेले नव्व्याण्णव दिसत नाहीत.

याचा पुढचा फटका खर्चाचा. कुणी १.१८ खरं धरून पुढचा अभ्यास आखला, तर लागणारी माणसं कमी मोजली जातात. लागणारा नमुना परिणामाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो. ०.१६४ भागिले ०.०९५ याचा वर्ग कर, तीनच्या आसपास येईल. म्हणजे प्रत्यक्षात तिप्पट माणसं लागणार होती. मग तो तोकडा अभ्यास ‘काही आढळलं नाही’ म्हणतो आणि खरा असलेला स्निप खोटा ठरून बाजूला पडतो. फुगलेल्या आकड्याइतकंच हेही नुकसान मला मोठं वाटतं, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. परिणाम दांडगा असेल तर तो उंबरठ्याच्या बराच वर असतो आणि निवडीमुळे त्याचं फारसं बिघडत नाही. २००५ साली म्हातारपणी दृष्टी घालवणाऱ्या मॅक्युलाच्या आजारात सीएफएच हे जनुक अवघ्या ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसांत सापडलं, आणि पुढच्या अभ्यासांत ते टिकलं. पण असं भाग्य क्वचित. उंबरठ्यावर कसेबसे चढलेले स्निप सर्वांत जास्त फुगलेले असतात, आणि लेखांच्या तक्त्यांत गर्दी त्यांचीच असते.

तक्त्यात काय घालायचं? शोध ज्या माणसांत लागला त्यांच्यावरून काढलेला आकडा घालू नकोस. शोधाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा वेगळ्या माणसांत तोच स्निप मोजलेला असेल, तर तो आकडा घे. तसा नसेल तर दुरुस्ती करता येते. ‘उंबरठा ओलांडला आहे’ ही अट गृहीत धरून शक्यतेचं फलन (लाइकलिहूड) नव्यानं मांडायचं आणि त्यातून अंदाज काढायचा, किंवा सगळेच अंदाज शून्याकडे थोडे ओढून घ्यायचे. दोन्ही पद्धती ‘आर’ या संगणकभाषेत करता येतात. आणि एक जरूर तपास : मोठ्या अभ्यासात पहिल्या अभ्यासाची माणसंही मिसळलेली आहेत का? बऱ्याचदा असतात. तसं असेल तर १.१५ मध्येही पहिला फुगवटा थोडा उरलेला आहे. तुझ्या तक्त्यात ‘शोधाचा नमुना’ आणि ‘पडताळणीचा नमुना’ असे दोन वेगळे रकाने कर. मार्गदर्शकांनी कारण विचारलं तर हे गणित त्यांच्यापुढे मांड.

प्रश्न : ताई, माझं माहेर शहापूरचं, सासर अथणीकडचं. आम्ही घरात मराठी बोलतो, जावा-नणंदांत कन्नड. मुलगा म्हणतो की मराठी आणि कन्नड माणसांची जनुकं वेगळी असतात असं अभ्यासात निघालंय. खरं का? आणि आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, त्याबद्दलही लिहा.
— एक वाचक, अथणी

उत्तर : भाषेचं जनुक नसतं. राज्यांची हद्द आखली गेली १ नोव्हेंबर १९५६ ला, जनुकसंचाच्या हिशेबात तो कालचा दिवस. भारतातल्या बहुतेक समूहांत दोन प्राचीन वंशधारा कमी-अधिक प्रमाणात मिसळलेल्या आहेत, असं २००९ च्या अभ्यासातून दिसलं. २०१३ च्या अभ्यासात या सरमिसळीचा काळ आजपासून साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्यानंतर लोक आपापल्या जातीत लग्नं करू लागले आणि समूह एकमेकांपासून वेगळे होत गेले. तेव्हा फरक आहेत, पण ते कोण कुणात सोयरीक करत आलं यावर अवलंबून आहेत. तुमच्या घरासारख्या घरांत तर दोन्ही बाजू एका ताटात जेवतात.

मुलानं वाचलेली बातमी मला माहीत नाही, पण अशा बातम्या जिथे घसरतात ती जागा दाखवते. समजा एक पूर्ण निरुपद्रवी स्निप आहे. आपल्या भागातल्या ‘अ’ समूहात त्याचं एक अक्षर ४० टक्के आहे, ‘ब’ समूहात २० टक्के. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत. कुणी बेळगावच्या एका दवाखान्यातून हृदयरोगाचे रुग्ण गोळा केले. त्यांत ८० टक्के ‘अ’ आले, कारण त्यांची वस्ती त्या दवाखान्याजवळ. निरोगी माणसं दुसऱ्या तालुक्यातल्या शिबिरात मिळाली. त्यांत ‘अ’ ३० टक्केच. आता रुग्णांत ते अक्षर किती? ३६ टक्के. निरोग्यांत किती? २६ टक्के. ऑड्स रेशो, म्हणजे ते अक्षर असण्या-नसण्याच्या प्रमाणाची दोन गटांतली पट, काढला तर १.६! हृदयाशी काडीचा संबंध नसलेला स्निप आजाराचं जनुक म्हणून पेपरात झळकतो. आणि नमुना जितका मोठा, तितकी ही चूक जास्त ठाम दिसते. जास्त माणसं घेतल्यानं ती जात नाही, हे लोकांना पटवताना मला सर्वांत जास्त कष्ट पडतात.

ही चूक पकडायची साधनं आहेत. हजारो स्निपांवरून प्रत्येक माणसाचा वंशधारांतला पत्ता काढतात, त्याला प्रिन्सिपल कंपोनंट म्हणतात, आणि समान पत्त्याच्या माणसांचीच तुलना होईल असं गणित मांडतात. ही रीत २००६ पासून रूढ आहे. नात्यागोत्यातली माणसं नमुन्यात असतील, आणि आपल्याकडे ती असतातच, तर ते नातं हिशेबात धरणारी मिश्र प्रतिमानं वापरतात. तरीही थोडं काही सुटतं. युरोपात उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा उंच का, याचं उत्तर म्हणून निसर्गनिवडीचा ठळक पुरावा काही वर्षं दिला जात होता. २०१९ साली तो ब्रिटनमधल्या एकजिनसी नमुन्यावर तपासला, तर बराचसा विरला. शेकडो-हजारो स्निपांच्या वजनांत उरलेली बारीक सरमिसळ एकाच दिशेनं साठत गेली होती. समूहासमूहांतल्या फरकाचं कारण जनुकांत आहे असं कुणी सांगितलं की मी सर्वांत आधी हेच विचारते : दुरुस्ती केल्यानंतर किती उरलं, आणि सख्ख्या भावंडांत तपासलं का? एकाच आईबापाच्या मुलांत कुणाला कुठलं अक्षर मिळेल हे सोडतीसारखं ठरतं, तिथे जात, गाव, दवाखाना काहीच आड येत नाही.

मामाच्या मुलीचा प्रश्न यापासून वेगळा ठेवा. आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा सामायिक असतो, त्यांच्या मुलात सोळावा हिस्सा दोन्हीकडून सारखाच येतो. खुद्द मामाशी लग्न झालं तर मुलात आठवा. यामुळे वाढतो तो मुख्यतः अशा दुर्मीळ आजारांचा धोका, ज्यांना बिघडलेल्या दोन प्रती लागतात. हे एका जनुकाचे आजार असतात, तिथे १.०५ पटींचं गणित नाही. घराण्यात लहान मूल दगावणं, बहिरेपण, थॅलेसेमिया असं काही पुन्हा पुन्हा झालेलं असेल तर सोयरीक जमवायच्या आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. नसेल तर निष्कारण घाबरू नका.

प्रश्न : आमच्याकडे एक प्रतिनिधी येऊन गेला. सहावीतल्या मुलाची जनुक तपासणी करून बुद्धी, कल, खेळातलं प्रावीण्य, सगळं सांगतो म्हणतो. फी बरीच आहे. करावी का?
— एक शिक्षक, चिकोडी

उत्तर : करू नका, सर.

शिक्षणाच्या वर्षांवर झालेला सर्वांत मोठा अभ्यास २०२२ चा, तीस लाख लोकांचा. त्यातून तयार केलेला गुणांक, म्हणजे वर निपाणीच्या दादांना सांगितली तशी वजनांची बेरीज, युरोपीय वंशाच्या लोकांत शिक्षणातल्या फरकापैकी १२ ते १६ टक्केच उलगडतो. हे झालं समूहाचं. एका मुलाबद्दल त्यातून काहीही ठोस सांगता येत नाही. त्यात हेच परिणाम सख्ख्या भावंडांत मोजले की निम्म्याच्या आसपास उतरतात. उरलेला भाग कुठून येत होता, ते आइसलँडमधल्या २०१८ च्या अभ्यासानं फार सुंदर दाखवलं. त्यांनी आईबापांची अशी अक्षरं घेतली जी मुलाकडे उतरलीच नव्हती. तरीही त्या अक्षरांचा मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. मुलाच्या अंगात नसलेलं जनुक मुलावर परिणाम कसं करेल? तर आईबाप कसे आहेत, घरात काय वाचलं जातं, अभ्यासाला कोण बसवतं, यातून. तुम्ही रोज संध्याकाळी मुलाजवळ बसता ते या आकड्यात आधीच मोजलं गेलंय, आणि तो प्रतिनिधी तेच ‘जनुक’ म्हणून तुम्हाला विकतोय.

मुलाला खेळायला मैदानावर पाठवा. त्याला काय आवडतं ते तिथे दिसेल.

प्रश्न : उंची ८० टक्के आनुवंशिक असते असं वाचलं. मग माझी मुलं माझ्या आजोबांपेक्षा चार बोटं उंच कशी?
— एक शेतकरी, हुक्केरी

उत्तर : ते ८० टक्के एका पिढीतल्या, साधारण सारख्या परिस्थितीतल्या माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. तुमच्या उंचीतले इतके इंच जनुकांचे आणि इतके जेवणाचे, अशी ती वाटणी नाही. सगळ्यांना दूध, डाळ, अंडी मिळू लागली आणि लहानपणची जुलाबाची दुखणी कमी झाली, की अख्खी पिढीच उंच होते. त्या पिढीतल्या आपापसातल्या फरकात मात्र जनुकांचा वाटा पुन्हा मोठाच राहतो. तुमची मुलं हा पोषणाचा पुरावा आहे.

या ८० टक्क्यांनी संशोधकांनाही बराच घोर लावला. २००८ च्या सुमाराला सापडलेले सगळे स्निप मिळून उंचीतल्या फरकाचा जेमतेम ५ टक्के उलगडा होत होता. परिणाम इतके बारीक होते की त्या वेळच्या नमुन्यांत ते उंबरठ्याखालीच राहत होते, वर खानापूरच्या विद्यार्थिनीला सांगितलं तसे. २०२२ मध्ये ५४ लाख लोक एकत्र केल्यावर १२,१११ स्निप मिळाले आणि युरोपीय वंशाच्या लोकांत उलगडा ४० टक्क्यांवर गेला. बाकीच्या समूहांत तो १० ते २० टक्क्यांवरच आहे.

प्रश्न : आमच्या गावात संशोधनासाठी रक्त घ्यायला पथक येणार आहे म्हणतात. द्यावं का? लोक म्हणतात यातून आपल्याला काय मिळणार.
— एक वाचक, गोकाक तालुका

उत्तर : पथक मान्यताप्राप्त संस्थेचं असेल, नैतिकता समितीची परवानगी दाखवत असेल, तर माझं मत द्या असं आहे.

वर निपाणीच्या दादांना सांगितलं, की त्यांच्या अहवालातली वजनं दुसऱ्यांच्या रक्तावरून आलीत. ती आपल्या रक्तावरून यायची असतील तर आपलं रक्त मोजलं जायला हवं, दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे असं काही दडलेलं असतं जे तिकडे सापडणारच नाही. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरं गळालेला एक बदल २००९ साली दाखवला गेला. तो भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि जगात इतरत्र जवळजवळ नाही. हृदय निकामी होण्याचा धोका तो बऱ्यापैकी वाढवतो. युरोपातली लाखो माणसं तपासून हा कुणाला दिसला असता? जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरच्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे, पण १.०५ पटीचे परिणाम पकडायला याच्या कितीतरी पट माणसं लागतील, हे आता तुम्हाला वरच्या गणितावरून कळेल.

आणि कोण पुढे येतं यावरही आकडा ठरतो. ब्रिटनच्या प्रसिद्ध बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी लोकांचे नमुने आणि माहिती साठवणाऱ्या संग्रहात, पाच लाख लोक आहेत, पण निमंत्रण गेलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्केच आले, आणि जे आले ते एकंदरीत जास्त निरोगी, जास्त शिकलेले. गोकाकात फक्त नोकरदार आणि शिकलेली घरं पुढे आली आणि ऊसतोड करणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या घरांनी पाठ फिरवली, तर निघणारा आकडा त्या घरांचा नसेल. म्हणून तुम्ही जाल तर शेजारच्यांनाही सोबत न्या.

सही करण्याआधी मात्र संमतीपत्र पूर्ण वाचून घ्या. ते कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला मराठीत समजून घ्यायचं असेल तर तसं सांगा. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि नंतर कधीही माघार घेण्याचाही. रक्त कुठे ठेवणार, नाव-गाव वेगळं ठेवणार का, तुमच्या तब्येतीसाठी कामाचं काही आढळलं तर कळवणार का, हे तीन प्रश्न पथकाला विचारा आणि उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.